दुखायची छाती आणि निघाली मान

आमच्या घरात "छातीत दुखतंय" हे वाक्य कुणी सहज बोलत नाही. १९९८ च्या दिवाळीत वडील ते एकदाच बोलले होते, संध्याकाळी फराळ जास्त झालाय, गॅस धरला असेल म्हणून सोडा प्यायले, ओवा चावला, आईनं पाठ चोळून दिली आणि पहाटे गेले. ५४ वर्षांचे होते. तेव्हापासून आम्हा बहिणींना साधी करपट ढेकर आली तरी एकमेकींना फोन करायची सवय लागलीय.

तर २०२३ चा मार्च. मी विज्ञान शिकवते, कराडजवळच्या एका हायस्कूलात, आणि दहावीच्या बोर्डाचे गठ्ठे माझ्याकडे आलेले. अडीचशे पेपर. शाळेत जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात होत नाहीत, मग रात्री जेवणं आवरली की जमिनीवर सतरंजी टाकून, भिंतीला टेकून, मांडीवर पेपर घेऊन बसायचं आणि लाल पेन चालवायचं. मी डावखुरी आहे (लहानपणी ह्या हातावर फूटपट्टी खूप खाल्लीय), त्यामुळे लिहिताना माझी मान आपोआप खाली आणि डावीकडे कलते, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं, नंतर मुलीनं फोटो काढून दाखवला तेव्हा कळलं. रात्री साडेअकराच्या सुमारास डाव्या छातीत, वरच्या बाजूला, आत कुणीतरी मूठ आवळून धरावी तशी कळ आली. थांबेना. तिथनं काखेत, काखेतनं दंडाच्या मागच्या बाजूनं खाली. घाम फुटला. आता तो घाम दुखण्याचा होता की वडिलांच्या आठवणीचा, देव जाणे.

हे झोपले होते, उठवलं, म्हटलं चला. त्यांनीही एक शब्द विचारला नाही, शर्ट उलटा घालून गाडी काढली.

हॉस्पिटलात गेल्यागेल्या ईसीजी काढला, ॲस्पिरिनची गोळी चावून खायला लावली आणि जिभेखाली सॉर्बिट्रेट, म्हणजे रक्ताच्या नळ्या रुंदावणारी गोळी, ठेवली. सॉर्बिट्रेटनं डोकं असं काही ठणकायला लागलं की छातीचं दुखणं त्यापुढे कमी वाटायला लागलं, आणि मी तिथल्या पोरसवदा डॉक्टरांना "जरा बरं वाटतंय" असं म्हटलं. झालं! जिभेखालच्या गोळीनं बरं वाटलं म्हणजे हार्टचंच असणार, असं त्यांनी लगेच कागदावर लिहिलं. (हे चूक आहे, त्या गोळीनं बरं वाटलं म्हणजे हार्टच आणि नाही वाटलं म्हणजे हार्ट नाही असं काही सिद्ध होत नाही, हे मला पुढे तीन महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं.) ट्रोपोनिन नावाची रक्ताची तपासणी केली, हृदयाच्या स्नायूला इजा झाली असेल तर ते रक्तात वाढतं. पहिली नॉर्मल. तीन तासांनी परत रक्त घेतलं, कारण पहिल्या वेळी ते वाढलेलं दिसेलच असं नसतं. तीही नॉर्मल. रात्रभर आयसीयूत ठेवलं, शेजारच्या कॉटवरच्या आजोबांचा मॉनिटर सारखा टूं टूं करत होता आणि दर वेळी मला वाटायचं माझाच वाजतोय. सकाळी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. पंपिंग ६० टक्के, म्हणजे नॉर्मल, झडपा छान. घरी जा म्हणाले. कागदावर ॲसिडिटीची गोळी आणि तोंडी सल्ला, "मॅडम, टेन्शन कमी करा."

आता बोर्डाचे गठ्ठे घरात असताना टेन्शन कमी कसं करतात ते त्यांनी सांगितलं असतं तर उपकार झाले असते.

आठवड्यानं टीएमटी झाली, म्हणजे पट्ट्यावर चालवतात ती. मी साडेनऊ मिनिटं चालले, शेवटी तर जवळजवळ पळत होते, दम लागला पण छातीत काही नाही. टेक्निशियन म्हणाला मॅडम तुम्ही आगाशिवच्या डोंगरावर जाता का रोज. खूश होऊन बाहेर आले, रिक्षात बसले, आणि फोन कानाखांद्यात धरून बहिणीला "सगळं नॉर्मल आहे गं" सांगतानाच डाव्या छातीत तीच मूठ आवळली. तेव्हा मला हे विचित्र वाटलं नाही ह्याचंच आता आश्चर्य वाटतं. विज्ञानाची शिक्षिका मी, पोरांना रोज सांगते निरीक्षण करा, नोंद करा, आणि स्वतःच्या बाबतीत पळताना दुखत नाही आणि बसल्यावर दुखतं एवढी साधी नोंद केली नाही. हार्टचं दुखणं बहुतेक वेळा उलटं असतं, चढ चढताना, जिना चढताना येतं आणि थांबलं की पाच-दहा मिनिटांत ओसरतं. माझं तासन् तास राहायचं.

एप्रिल-मे कसे गेले ते विचारू नका. उन्हाळ्याची सुट्टी सगळी दवाखान्यांत. दुखणं आठवड्यातनं चार दिवस तरी यायचंच. प्रत्येकाचा वेगळा अंदाज. एक म्हणाले पित्ताशयात खडे असतील, सोनोग्राफी केली, नव्हते. छातीवर वरच्या बाजूला दाबलं की दुखायचं म्हणून एक म्हणाले बरगड्यांच्या कूर्चेला सूज आहे, पाच दिवस पेनकिलर घेतल्या, थोडा फरक पडला आणि पोट बिघडलं. मी स्वतःच घाबरून मॅमोग्राफी करून आले, कारण डावी बाजू म्हटल्यावर बाईच्या डोक्यात दुसरं काय येणार. ती पण स्वच्छ. मग सुरू झाली झोपेची आणि मन शांत ठेवायची गोळी. सासूबाईंनी मीठ-मोहरी ओवाळून टाकली ती वेगळीच. आणि हे आता जरा वैतागायला लागले होते, बोलायचे नाहीत, पण मी छातीवर हात ठेवला की टीव्हीचा आवाज थोडा वाढायचा. सगळ्यात वाईट काय असतं माहितीये का, रिपोर्ट नॉर्मल येत गेले की आपणच खोटं बोलतोय असं आपल्यालाच वाटायला लागतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात धाकटी बहीण हट्टानं पुण्याला घेऊन गेली. तिथले हार्टचे डॉक्टर वयस्कर, शांत. वडिलांचं ऐकून म्हणाले, घरात एवढ्या लहान वयात गेलेला माणूस आहे तर आपण एकदा नळ्या बघूनच घेऊ. सीटी अँजिओग्राफी, म्हणजे स्कॅन करून हृदयाच्या नळ्या बघणं. आधी क्रिएटिनिन, किडनीची रक्ततपासणी, केली, कारण त्यात जे औषध सोडतात ते किडनीवाटे बाहेर पडतं. मग नाडी साठच्या आसपास यावी म्हणून गोळी दिली, माझी काही उतरेना, भीतीनं धडधडत होतं, दीड तास नुसतं बसवून ठेवलं. औषध शिरेत गेलं तेव्हा घशापासून खालपर्यंत गरम लाट गेल्यासारखं झालं, आणि आपली कपड्यातच झाली की काय असं वाटलं. सिस्टर हसून म्हणाल्या सगळ्यांनाच वाटतं, झालेली नाहीये. कॅल्शियम स्कोअर, म्हणजे नळ्यांत साठलेला चुना, शून्य, तिन्ही नळ्या स्वच्छ.

मी म्हटलं, म्हणजे माझ्या मनाचंच आहे ना डॉक्टर. तर ते म्हणाले, "ताई, तुमचं हृदय ठीक आहे एवढंच मी सांगितलं. दुखत नाही असं मी कुठं म्हटलं?" मग त्यांनी जे विचारलं ते तीन महिन्यांत कुणीच विचारलं नव्हतं. म्हणाले, कधी दुखतं ते तुम्ही सगळ्यांना सांगून दमला असाल, आता कधी अजिबात दुखत नाही ते सांगा.

मी विचार करायला लागले. आणि एकदम आठवलं. फळ्यावर लिहिताना. मार्चमधे शाळेत कितीतरी वेळा असं झालं होतं की स्टाफरूममधे बसून छाती भरून आलेली असायची, बेल झाली की वर्गावर जायचे, फळ्यावर आकृती काढायला डावा हात वर केला की दोन-तीन मिनिटांत सगळं विरघळून जायचं. मला वाटायचं पोरांत मन रमतं म्हणून. रात्री झोपेतही डावा हात उशीवर डोक्याच्या वर टाकून झोपायची सवय लागली होती, आणि दिवसा नुसती बसले तरी हात डोक्यावर. त्यावरनं सासूबाईंची बोलणी खाल्लेली, डोक्यावर हात ठेवून बसू नये, घरात अवदसा येते. डॉक्टरांनी ते सगळं ऐकलं, काही न बोलता उठून माझ्या मागे आले, मानेच्या खालच्या भागात अंगठा दाबला. डाव्या खांद्याच्या पात्याच्या आतल्या कडेला दाबलं तेव्हा मी ओरडलेच. खुर्चीत परत बसून म्हणाले, हे माझ्या खात्यातलं नाही, मणक्याच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देतो.

मणक्याचे डॉक्टर तरुण होते आणि भरभर बोलणारे. त्यांनी आधी मशीन नाही, हात लावला. मान वर करून छताकडे बघायला सांगितलं, मग डावीकडे कलती करायला लावली आणि डोक्यावर दोन्ही हात ठेवून हळूच खाली दाबलं. आई गं! डावी छाती, काख, दंड, थेट मधल्या बोटापर्यंत करंट. मी दुखण्यानं कळवळत होते आणि त्याच वेळी, खरं सांगते, मला आनंद झाला होता. "हेच! हेच ते, डॉक्टर, हेच दुखतं!" तीन महिने जे कुठल्याच कागदावर उमटलं नव्हतं ते एका माणसानं बोट ठेवून काढून दाखवलं. स्पर्लिंग टेस्ट म्हणतात त्याला, १९४४ पासूनची आहे, एका अमेरिकन सर्जनच्या नावाची. फुकटात होते, अर्ध्या मिनिटात होते. मग म्हणाले आता डावा हात डोक्यावर ठेवा. ठेवला. ओसरायला लागलं. म्हणाले, "हात वर घेतला की नसेवरचा ताण सैल होतो. हीसुद्धा टेस्टच आहे, तुम्ही ती घरी रोज करत होतात." सासूबाईंना सांगायला हवं म्हटलं.

पुढे रबरी हातोडी. उजव्या कोपराच्या मागे ठोकलं की हात छान उडायचा, डाव्या बाजूला काही नाही, मेल्यासारखा. हात सरळ करून मला ढकला म्हणाले, उजव्यानं ढकललं, डाव्यात जोरच नाही. तेव्हा लक्षात आलं की महिनाभर कणीक मळताना मी उजवा हात वापरत होते, कणीकच घट्ट झालीय म्हणून पाणी वाढवत होते. मधल्या बोटाच्या टोकाला टाचणी टोचली तर बोथट. खडूची धूळ लागून लागून तसं झालं असेल असं मला वाटायचं, आता हसू येतं. त्यांनी पायही तपासले, एका रेषेत पावलाला पाऊल लावून चालायला लावलं, शर्टाची बटणं लावताना अडखळता का, लघवीवर ताबा आहे ना, हे सगळं विचारलं. म्हणाले नस दबली तर वेळ देता येतो, पण मज्जारज्जूच दबत असेल तर वेळ घालवायचा नाही, म्हणून आधी ते बघतो. ते ठीक होतं.

मग मी तो प्रश्न विचारला जो तुम्ही पण विचाराल. मान आणि छातीचा संबंध काय?

तर छातीवरचा जो मोठा स्नायू असतो, समोरचा, पुशअप्स मारणाऱ्यांचा फुगतो तो, तो छातीवर असला तरी त्याला जाणाऱ्या नसा छातीतनं येत नाहीत, जवळजवळ सगळ्या मानेतनं येतात. मानेच्या पाचव्या नसेपासून छातीच्या पहिल्या नसेपर्यंतच्या नसांचे धागे त्यात असतात. त्यातली सातवी नस माझी दबली होती, ती सहाव्या आणि सातव्या मणक्याच्या मधनं बाहेर पडते आणि दंडाच्या मागच्या स्नायूला आणि मधल्या बोटालाही तीच जाते. दाबली गेली मानेत, पण मेंदूला कळताना कळतं की छाती दुखतेय. मी वर्गात आता हे असं सांगते की स्वयंपाकघरातला दिवा लुकलुकतोय म्हणून आपण बल्बवर बल्ब बदलत बसतो, वायर मात्र वर माळ्यावर उंदरानं कुरतडलेली असते. ह्या प्रकाराला सर्व्हायकल अँजायना म्हणतात, सर्व्हायकल म्हणजे मानेचं आणि अँजायना म्हणजे हृदयाला रक्त कमी पडलं की छातीत येणारी कळ, आणि हे काही नवीन नाही, १९३४ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मासिकात मानेतून येणाऱ्या खोट्या अँजायनावर लेख आलेला आहे. आणि काहींना ह्यात घाम, मळमळ, दम लागणं असंही होतं, म्हणून तर हार्टशी इतका गोंधळ. शिंकताना, खोकताना कळ जाणं, स्कूटी खड्ड्यात आदळली की छातीत चमकणं, हे सगळं मला होतं, पण छातीच्या डॉक्टरांना मी ते कशाला सांगेन? मला वाटायचं छाती कमकुवत झालीय म्हणून धक्का बसतो.

एमआरआय झाला. साडेसहा हजार, अर्धा तास, आत ठोकाठोकीचा आवाज एवढा की मी मनातल्या मनात पाढे म्हणत होते, सतराच्या पाढ्यात अडकले. रिपोर्टात मानेचा नैसर्गिक बाक गेलेला, सी ५-६ ला, म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांच्या मधली, चकती (मणक्यांमधली गादी) थोडी फुगलेली, सी ६-७ ला डावीकडे बाहेर येऊन नसेवर बसलेली. रिपोर्ट वाचून मी रडायला लागले तर डॉक्टर म्हणाले चाळिशीनंतर रस्त्यावरच्या दहा धडधाकट माणसांचा एमआरआय काढला तरी त्यातल्या बऱ्याच जणांत असलं काहीतरी लिहून येईल. फोटोवर उपचार करायचे नसतात. तुमचं बोट, तुमची हातोडी आणि हा फोटो, तिघं एकच गोष्ट सांगतायत म्हणून ह्याला किंमत. हे मला फार पटलं.

उपचार म्हणून तीन पायऱ्या सांगितल्या. आधी औषध आणि फिजिओथेरपी, सहा ते बारा आठवडे, बहुतेकांचं एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर मशीनखाली बघून नसेजवळ इंजेक्शन. आणि हातातला जोर कमीच होत गेला किंवा दुखणं हटलंच नाही तर गळ्याच्या पुढच्या बाजूनं ऑपरेशन करून चकती काढायची. जोर गेलेला आहे म्हणून दर दोन आठवड्यांनी येऊन हात ढकलून दाखवायचा, ह्यात चुकवायचं नाही.

घरी आल्यावर खरी गंमत. दुखणं मानेचं आहे कळल्यावर घरातली भीतीच गेली आणि प्रत्येक जण डॉक्टर झाला. हार्ट म्हटल्यावर गप्प बसणारे आमचे दीर म्हणाले, अहो वहिनी, मान होय, मग एवढं काय, पलीकडच्या गावात एक नस बसवणारा आहे, एका झटक्यात. आणि मी, एवढं सगळं ऐकून आलेली, गेले! सांगायला लाज वाटते. तीन महिने दुखलेल्या माणसाला बारा आठवडे थांबा म्हटलं की तो असा वेडा होतो. त्या माणसानं तेल लावलं, हनुवटी धरली आणि मी हो-नाही म्हणायच्या आत मान फिरवली. कट् असा आवाज झाला आणि सगळे म्हणाले, बसली बघा. रात्री हात खांद्यापासनं पेटल्यासारखा, आठ दिवस झोप नाही. डॉक्टरांकडे जाऊन कबूल केलं तर ते रागावले नाहीत, फक्त एवढंच म्हणाले की ह्याच झटक्यात चकतीचा तुकडा आत सरकला असता तर आज आपण ऑपरेशन थिएटरमधे बोलत असतो. दिरांना मी अजून हे पूर्ण सांगितलेलं नाही.

मग मात्र शिस्तीत. रात्री नसेच्या दुखण्यावरची प्रिगॅबालिनची ७५ ची गोळी, तिनं पहिले चार दिवस सकाळी चालताना बोटीत असल्यासारखं व्हायचं, हळूहळू सवय झाली. सुजेची गोळी दहा दिवस. मऊ पट्टा फक्त पहिला आठवडा, तोही एसटीत बसताना, कारण सतत घातला तर मानेचे स्नायू आळशी होतात. फिजिओच्या ताई आमच्याच शाळेच्या जुन्या विद्यार्थिनी निघाल्या. त्यामुळे मला "बाई" म्हणायच्या आणि तरीही झापायच्या. शेक, मग झोपवून ट्रॅक्शन, चार किलोपासून सुरुवात. ट्रॅक्शनला पहिल्यांदा मान ओढली गेली आणि छातीतली मूठ सुटली, अक्षरशः सुटली. तिथंच डोळे मिटून पडून राहिले. मशीन थांबलं की परत आवळायची, पण सुटू शकते हे कळलं ना, ते पुरेसं होतं.

व्यायाम ऐकायला पोरखेळ वाटतात. हनुवटी मागे सारायची, म्हणजे मुद्दाम डबल चिन करायची, मान वर-खाली न करता, पाच मोजायचं, सोडायचं, दर दोन तासांनी दहा वेळा. स्टाफरूममधे मी हे करायचे तेव्हा हेडसरांना वाटलं मी त्यांच्याकडे बघून तोंड वाकडं करतेय. कपाळावर तळहात ठेवून डोकं त्यावर रेटायचं पण हलू द्यायचं नाही, चारी बाजूंनी. पाती मागे आवळायची. दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकून छाती पुढे काढायची, कारण वर्षानुवर्षं वाकून बसल्यानं पुढचे स्नायू आखडलेले. आणि नस सरकवायचा एक व्यायाम, हात बाजूला पसरून मनगट वाकवायचं आणि मान उलट दिशेला, तो अगदी हळू, मुंग्या आल्या की थांबायचं. हा मी जोशात जास्त केला आणि दोन दिवस भोगलं. उशा दोनच्या एक केल्या. फोन कानाखांद्यात धरणं बंद, कायमचं.

तिसऱ्या आठवड्यात काहीच फरक नाही म्हणून मी रडले. पाचव्या आठवड्यात एक अख्खा दिवस दुखलंच नाही आणि हे माझ्या लक्षात दुसऱ्या दिवशी आलं. आठव्या आठवड्यात छाती जवळजवळ मोकळी, पात्याच्या कडेचं दुखणं मात्र राहिलं. जोर सगळ्यात उशिरा आला. गणपतीत मोदकांची उकड डाव्या हातानं मळली, अर्धीच, पण मळली. इंजेक्शन लागलं नाही. ऑक्टोबरात गोळी हळूहळू कमी करून बंद केली, एकदम बंद करायची नसते ती.

डिसेंबरात एकदा प्रीतिसंगमावर फिरायला गेलो असताना घाटाच्या पायऱ्या चढताना छातीच्या मधोमध जड वाटलं. हे म्हणाले अगं मानेचंच असेल. मी म्हटलं नसेलही, हे वेगळं आहे, मधोमध आहे, चढताना आलंय आणि हात डोक्यावर ठेवून कमी होत नाहीये. सरळ ईसीजी काढायला गेलो. नॉर्मल आला, ट्रोपोनिन पण नॉर्मल, चार तास आणि थोडे पैसे गेले. जाऊ देत. माझी मान खराब आहे म्हणून माझं हृदय कायम चांगलंच राहील असं कुणी लिहून दिलेलं नाही, आणि ह्यांनी "मानेचंच असेल" म्हटलं ना, त्या आवाजात मला आईचं "गॅसच असेल" ऐकू आलं.

यंदा मार्चमधे गठ्ठे परत आले. नाही म्हणता येत नाही, बोर्डाचं काम आहे. फिजिओच्या ताईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की बाई, कागद डोळ्यासमोर यायला हवा, डोळे कागदाकडे नाही. डोकं चांगलं साडेचार-पाच किलोचं असतं, ते पुढे लोंबकळत ठेवलं की मानेला किती ओझं होतं ते तुम्हीच मुलांना शिकवता, तरफेचा धडा. मी उतरतं टेबल शोधत होते, दुकानात आर्किटेक्ट लोकांची महागडी दाखवली. मग माहेरी गेले तेव्हा माळ्यावर वडिलांचं डेस्क सापडलं. ते गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते, गादीवर मांडी घालून ह्या उतरत्या डेस्कवर कीर्द-खतावणी लिहायचे, ताठ बसून. वाळवी लागलेली एक बाजू सुताराकडनं बदलून घेतली, खाली दोन विटा ठेवल्या, आता ते माझ्या टेबलावर बरोबर छातीच्या उंचीला येतं. आत एका कोपऱ्यात शाईचा डाग आहे, तो तासायला सुताराला नको म्हटलं.

मुलीनं मोबाईलला दर वीस मिनिटांनी गजर लावून दिलाय, तो वाजला की उठायचं, हनुवटी दहा वेळा मागे, पाणी प्यायचं. त्यामुळे एका रात्रीत जिथं तीस पेपर व्हायचे तिथं अठरा होतात. आम्ही तपासलेले पेपर परत बघणाऱ्या नियामकांचे दोन फोन येऊन गेले, मॅडम तुमचेच राहिलेत. म्हटलं होतील. डाव्या मधल्या बोटाचं टोक अजून थोडं बधिर आहे, खडू धरला की कळतं, लाल पेन धरला की कळत नाही, का ते मला माहीत नाही. पुढच्या महिन्यात हातोडी ठोकायला बोलावलंय.